चार ग्रॅम

तराजूच्या काचेच्या पेटीत ठेवलेली गोळी ७.६२ ग्रॅम भरली. नयनाने पेटीची दारं सरकवून बंद केली, आकडा स्थिर होऊ दिला आणि पुन्हा वाचला. तोच होता. गोळीचं टोक अळंबीसारखं उलटून मागे वळलं होतं. वरचं तांब्याचं पातळ कवच तीन ठिकाणी फाटलं होतं आणि आतलं शिसं करडं, खडबडीत, कडेला भुरभुरल्यासारखं दिसत होतं. कुरोदा-सान म्हणाले होते की गोळी एकशे ऐंशी ग्रेनची आहे. नयनाने ग्रेनचे ग्रॅम केले. ११.६६.

"चार ग्रॅम कमी आहेत," ती म्हणाली.

"असणारच." कुरोदा-सान तिच्या मागे उभे राहून चहा पीत होते. "खांद्याच्या हाडातून गेलीय. बघा ना, किती छान उमललीय. अशी उमलली की हरीण जागेवर बसतं. धावत नाही, हाल होत नाहीत."

"पण ते चार ग्रॅम गेले कुठे?"

"डोंगरात."

"डोंगरात कसे जातील? गोळी तर हरणातच सापडली म्हणालात. पलीकडच्या कातड्याखाली."

कुरोदा-सान कप तोंडाशी नेता नेता थांबले. मग त्यांनी तो खाली ठेवला, बरोबर त्याच जागी, जिथे टेबलावर जुन्या कपाचं वर्तुळ उमटलेलं होतं.

ही प्रयोगशाळा टोकियोत, तोयोसुच्या मागच्या अंगाला, कालव्याच्या काठी होती. पुढे काचेच्या उंच इमारती उठत होत्या. त्यातल्याच एकीत नयनाचा नवरा जयप्रकाश एका बँकेच्या सिस्टिमवर काम करत असे. मागच्या या दुमजली इमारतीत धातूंचे ओतीव भाग तपासले जात: पंपांची कवचं, व्हॉल्व, रेल्वेच्या डब्यांचे जोड. एक्स-रे काढायचा, आत पोकळी राहिली आहे का पाहायचं, तुकडा कापून त्यात काय किती आहे ते मोजायचं. पुण्याहून रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून आलेली नयना पहिली दोन वर्षं हिगाशी-कसाईच्या फ्लॅटमध्ये जपानी शिकत आणि कचऱ्याचे वार पाठ करत बसली होती. मग इथे आठवड्यातून चार दिवसांचं 'आरुबाइतो', म्हणजे अर्धवेळ काम, मिळालं. ते देणारे कुरोदा-सान. निवृत्त होऊन पुन्हा कामावर घेतलेले, सदुसष्ट वर्षांचे, कमी बोलणारे. हिवाळ्यातल्या रविवारी ते तांझावाच्या डोंगरात शिकारीला जात. हरणं आणि रानडुकरं तिथली शेतं आणि कोवळी झाडं संपवत होती आणि शिकारी दरवर्षी म्हातारे होत होते.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी नयनाच्या घरच्यांना वाटपाला बोलावलं होतं. हाका करून मारलेल्या जनावराचे वाटे पडतात. गोळी घालणारा असो की नुसता गाडीत बसून वायरलेस सांभाळणारा, सगळ्यांना सारखा वाटा. शेडमध्ये कुत्रे सांभाळणारी चिए नावाची मुलगी हरणाच्या खांद्याचं रक्ताळलेलं, काळंनिळं मांस कापून कुत्र्यांपुढे टाकत होती. नयनाला ते बघवलं नाही.

"टाकता कशाला? आमच्याकडे मीठ-हळदीत धुऊन याचा खिमा करतात."

सगळे हसले. चिए म्हणाली, "घ्या, कुत्र्यांना गाजर देऊ." आणि तेव्हापासून कुरोदा-सान नेमानं जखमेभोवतीचं मांस वेगळं काढून, पिशवीवर नीट अक्षरात 'नयना-सान, खिमा' असं लिहून सोमवारी घेऊन येत. हिगाशी-कसाईत ताजं मटण मिळत नसे. फ्रोझन मिळे ते रबरासारखं. नयना तो खिमा दह्यात मुरवून ठेवी, मग टोमॅटोत मंद आचेवर शिजवी. चार वर्षांची ओवी एरवी वाटीभर वरण-भातासाठी अख्खं घर फिरवायची. खिमा मात्र ती पोळीत गुंडाळून दोन्ही हातांनी खायची आणि म्हणायची, "मोत्तो." अजून.

ज्या हरणाची ही गोळी, त्याचा अर्धा खिमा काल रात्री संपला होता. अर्धा फ्रीझरमध्ये होता.

दुसऱ्या दिवशी नयनाने तो अर्धा प्रयोगशाळेत आणला आणि दुपारी, मशीन मोकळं असताना, पिशवीसकट एक्स-रेखाली ठेवला. फिल्म धुऊन उजेडावर लावली. ओतीव भागात पोकळी असली की फिल्मवर काळा डाग दिसतो. इथे उलटं होतं. राखाडी मांसात पांढरे ठिपके होते. दोन-तीन तांदळाच्या कणीएवढे, बाकीचे रव्यासारखे. आणि त्याहूनही बारीक अशी एक पांढरट धूळ, जी मोजता येत नव्हती. दाताला लागले असते असे त्यात फार थोडे होते.

शिसं पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आंबटात विरघळतं. हे तिला अकरावीपासून माहीत होतं. दही, टोमॅटो, मंद आच. तिने फिल्म लिफाफ्यात घातली आणि हात दोनदा धुतले, हातांना काहीच लागलेलं नसताना.

घरी आल्यावर तिने जयप्रकाशला फिल्म दाखवली. तो टाय सैल करत उभा होता.

"म्हणजे आपण वर्षभर गोळ्या खातोय?"

"जेपी, हसू नकोस."

"हसत नाहीये गं." त्याने फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली आणि बराच वेळ धरून ठेवली. "ओवीची टेस्ट करता येते का?"

"उद्याची अपॉइंटमेंट घेतलीय."

"आणि कुरोदा-सानना सांगितलंस?"

नयनाने फिल्म त्याच्या हातून घेऊन टेबलावर ठेवली. ओवी टेबलाखालून वर आली आणि फिल्मवर बोट ठेवून म्हणाली, "युकी!" बर्फ.

रिपोर्ट आठवड्याने आला. डॉक्टरीणबाई सौम्य होत्या. घाबरण्याइतकं नाही, पण या वयाच्या मुलीच्या रक्तात शिसं इतकं असायला नको, कुठून येतंय ते शोधा आणि बंद करा, असं त्या म्हणाल्या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. नयनाने विचारलं, "मेंदूवर..." आणि पुढचा जपानी शब्द तिला माहीत असूनही आठवला नाही. डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "म्हणूनच बंद करायचं," त्या म्हणाल्या.

सोमवारी कुरोदा-सान पिशवी घेऊन आले. या वेळी रानडुक्कर होतं. नयनाने पिशवी घेतली नाही. तिने आधी फिल्म दाखवली, मग रिपोर्ट. त्यांनी दोन्ही तितक्याच काळजीने पाहिलं, जशी ते एखाद्या पंपाच्या कवचाची फिल्म बघत. मग चष्मा काढला.

"ओवी-चान?"

"हो."

ते उठले, खोल वाकले आणि तसेच वाकून राहिले. नयनाला ते सहन होईना.

"तुम्ही असं करू नका, प्लीज. खिमा मागितला मी. चिए-सान तर कुत्र्यांनाच देत होती."

"कुत्र्यांनाही द्यायला नको होतं," ते म्हणाले.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते पहिल्यांदा सविस्तर बोलले. कालव्याच्या कठड्याला टेकून, डब्यातला भात न खाता. तांब्याच्या गोळ्या मिळतात हे त्यांना ठाऊक होतं. उत्तरेकडच्या होक्काइदोत शिसं बंदच झालं होतं. शिकाऱ्यांनी टाकलेली हरणं खाऊन तिथले मोठे गरुड मरायला लागले, म्हणून. त्यांचा कॉलेजातला एक मित्र तिकडे तांब्याची गोळी वापरत होता आणि गेली पाच वर्षं प्रत्येक नवीन वर्षाच्या कार्डावर विचारत होता, 'अजून शिसंच?'

"मग का नाही बदलली?"

"माझी रायफल जुनी आहे. तांबं शिशापेक्षा हलकं. तेवढ्याच वजनाची गोळी करायची तर ती लांब होते."

"आणि लांब गोळीला जास्त फिरकी लागते," नयना म्हणाली.

"हो. माझ्या नळीतल्या आट्यांचा पीळ सैल आहे. लांब गोळी सरळ जाणार नाही. माझ्या नळीतून तांब्याची जाईल ती हलकी. एकशे पन्नासची."

"मग एकशे पन्नासची घ्या."

त्यांनी डबा कठड्यावर ठेवला. पलीकडच्या काठावर क्रेन एक लांब तुळई अगदी हळू फिरवत होती.

"मोरिताला तुम्ही वाटपाच्या वेळी भेटलात. लंगडतो तो. चिएचा बाप."

एकोणीस वर्षांपूर्वी, ते म्हणाले, ते दोघं एका डुकराच्या मागावर होते. मोरिता कुत्र्यांबरोबर झाडीत, कुरोदा-सान वरच्या वाटेवर. त्या वर्षी त्यांनी हलकी गोळी आणली होती. वेग जास्त, धक्का कमी, नेम चांगला लागतो म्हणून. डुक्कर समोर आलं. गोळी बरोबर खांद्यावर लागली आणि हाडावरच फुटून गेली. डुक्कर पडलं नाही. वळलं. मोरिता खालून येत होता. सुळ्याने त्याची मांडी गुडघ्यापासून वर उघडली.

"मी त्याची मांडी दोन्ही हातांनी दाबून धरली होती. तिथून खाली गाडीपर्यंत. त्याला म्हणालो, यापुढे जड गोळीशिवाय डोंगरात पाऊल ठेवणार नाही. तो शुद्धीवर होता की नाही, माहीत नाही. पण मी म्हणालो." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "बंदुकीचं दुकान त्याचंच आहे. दर मोसमाला मी जातो, तो न विचारता जड गोळ्यांचा डबा काढून ठेवतो. आणि आता झाडीत चिए जाते."

जेवणाच्या टेबलाशी एक मूल होतं आणि झाडीत एक मूल होतं. एकासाठी ही गोळी नको होती आणि दुसऱ्यासाठी ती हवी होती. यात तिला घाईने काही म्हणता येईना.

डिसेंबर गेला. कुरोदा-सान मांस आणत नव्हते. शिकारीला जात होते की नाही हे ते सांगत नव्हते आणि ती विचारत नव्हती. एकदा तिने विचारलंच.

"गोळीचं काय ठरलं?"

"विचार करतोय."

"एवढी वर्षं केलात की!" ती म्हणून गेली आणि लगेच लाजली. ते मात्र किंचित हसले. "माझी बायकोसुद्धा हेच म्हणायची. दुसऱ्या गोष्टींबद्दल."

जानेवारीत होक्काइदोहून एक छोटं पाकीट आलं. आत कापसात गुंडाळलेली एक वापरलेली गोळी होती आणि मित्राची दोन ओळींची चिठ्ठी: मोठ्या नराच्या दोन्ही खांद्यांतून गेली, मागच्या देवदाराच्या खोडात सापडली. एकशे पन्नास ग्रेन. कुरोदा-सानांनी ती नयनाच्या टेबलावर ठेवली आणि स्वतः बाजूला उभे राहिले.

गोळीच्या तोंडाच्या चार पाकळ्या झाल्या होत्या, चारही शाबूत. भुरभुरलेलं काही नव्हतं. नयनाने ती अल्कोहोलमध्ये धुतली, वाळवली, तराजूत ठेवली. बंदुकीतून निघताना ती ९.७२ ग्रॅमची असणार. आकडा थोडा हलला आणि थांबला. ९.६८.

तिने ड्रॉवरमधून जुनी, शिशाची गोळी काढली. तिचा आकडा तिला पाठ होता, तरी पुन्हा मोजली.

"कुरोदा-सान," ती म्हणाली, "निघताना तुमची जड होती. पोचल्यावर ही जड आहे."

त्यांनी तराजूवर वाकून आकडा वाचला.

"मोरिता-सानना लागलं त्या वर्षीची गोळी हलकी होती म्हणून फुटली असेल," नयना सावकाश म्हणाली, "पण ती शिशाचीही होती. तुमची जड गोळीसुद्धा फुटतेच आहे. फक्त तिच्याकडे फुटायला जास्त आहे. ही फुटलेलीच नाही. एका गोळीवरून सिद्ध होत नाही, हे मला कळतं. मला दहा मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं."

"तुम्हाला नेहमीच दहा हव्या असतात."

"हो."

त्यांनी दोन्ही तुकडे उचलून कापसात गुंडाळले.

"शनिवारी माझ्याबरोबर मोरिताकडे याल? काडतुसं संपलीत. काही तरी घ्यावंच लागणार आहे."

शनिवारी जयप्रकाशच्या बँकेच्या सिस्टिमची रिलीझ होती, म्हणून ओवीलाही न्यावं लागलं. तांझावाच्या पायथ्याशी, हादानो स्टेशनला उतरल्यावर समोरच डोंगर होते, माथ्यावर बर्फ. दुकान लहान होतं. भिंतीला साखळीत अडकवलेल्या बंदुका, एक तेलाचा हीटर, काउंटरमागे बुटका, रुंद मोरिता. काठी काउंटरला टेकवलेली. मागच्या बाजूला चिए कुत्र्यांचे पट्टे तेल लावून पुसत होती.

"ही ती! कुत्र्यांचं जेवण खाणारी," मोरिता ओवीकडे बघून ओरडले.

"कुत्र्यांचं नाही, माझं," ओवी जपानीत म्हणाली.

चिए खळखळून हसली. मोरितांनी ओवीला एक मोसंबं दिलं आणि कुरोदा-सानांकडे न बघता फडताळाकडे वळले. कुलूप काढलं. जड गोळ्यांचा डबा काउंटरवर आला.

"परवाना ठेव. सही इथे. उशीर केलास यंदा. वाटलं, कंबर गेली."

कुरोदा-सानांनी परवाना काढला, पण हातातच ठेवला. मग खिशातून कापसाची पुडी काढून दोन्ही गोळ्या काउंटरवर मांडल्या.

"हे काय? नाकातले दागिने?"

"तोलून बघ. तुझ्याकडे तराजू आहे."

मोरितांनी आधी नयनाकडे पाहिलं, मग काउंटरखालून बारूद तोलायचा छोटा तराजू काढला. एक गोळी ठेवली. वाचली. दुसरी ठेवली. चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा वाचली.

"ही कुठली?"

"होक्काइदोची. एकशे पन्नास. तांब्याची."

"आणि ही तुझी जड." मोरितांनी शिशाचा तुकडा उचलून बोटांत फिरवला. "बाकीची कुठंय?"

ओवी हीटरजवळ बसून मोसंब्याचं साल एका तुकड्यात निघतंय का ते बघत होती. मोरितांनी तिच्याकडे पाहिलं. मग नयनाकडे. नयनाने होकाराची मान हलवली, एवढंच.

"किती?" त्यांनी विचारलं.

"फार नाही. पण आहे."

मोरितांनी तुकडा हळूच खाली ठेवला. चिएचे हात थांबले होते.

"आमच्याही पोटात असेल मग," मोरिता म्हणाले. "माझ्या तर डोक्यातसुद्धा, असं ही म्हणेल."

"मी नाही म्हटलं," चिए म्हणाली.

"त्या वेळीही तू हलकीच आणली होतीस, कुरोदा." मोरिता हे चढ्या आवाजात म्हणाले नाहीत.

"हो," कुरोदा-सान म्हणाले.

"माझ्या पायाने चालायला एक वर्ष घेतलं. मी काही बोललो का कधी?"

"नाही."

"नाहीच बोललो. पण दर रविवारी ही पोरगी खाली जाते आणि तू वर असतोस, तेव्हा मी गाडीत वायरलेस कानाला लावून बसतो. तुझ्या बंदुकीचा आवाज झाला की मी आकडे मोजायला लागतो. ही बोलेपर्यंत."

नयनाला वाटलं, आता आपण काही सांगायला हवं. हाडाची जाडी, पाकळ्या, उरलेलं वजन. तिने सगळं तयार ठेवलं होतं. तिने तोंड उघडलं तसा मोरितांनी हात वर केला.

"ओकुसान, तुमचे आकडे मला कळले. मूर्ख नाही मी. दुकान चालवतो." त्यांनी जड गोळ्यांचा डबा एका बोटाने काउंटरच्या मध्यावर सरकवला. मग फडताळातून दुसरा, छोटा डबा काढून त्याच्या शेजारी ठेवला. त्यावर धूळ होती. दोन्ही डबे त्यांनी रेषेत लावले. "हा तीन वर्षं पडून आहे. कोणी घेत नाही. मला आकडे नकोत, कुरोदा. तू सांग. आणि मला नको सांगूस, हिला सांग."

कुरोदा-सान वळले. चिए हातातला पट्टा तसाच धरून उभी राहिली. सव्वीस वर्षांची, बापासारखीच रुंद खांद्यांची, बाहीवर कुत्र्याचे केस. त्यांनी परवाना काउंटरवर ठेवला आणि दोन्ही हात बाजूला सोडले, जसे ते प्रयोगशाळेत पाहुणे आले की उभे राहत.

"चिए," ते म्हणाले, "उद्या तू खाली झाडीत असशील. मी वर तांब्याची हलकी गोळी घेऊन असेन."